जांभ्यावरची गो-कार्ट : शॉकअप लावले की गाडीत काय काय बदलतं

राजापूर तालुक्यात आमच्या घरामागे आंब्याची कलमं संपली की सडा लागतो. उघडा कातळ, मधे गवताचे पट्टे आणि चिऱ्यांच्या ट्रकनी पाडलेली एक तांबडी वाट. माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी मे महिन्याच्या सुट्टीत एक गो-कार्ट बनवली. पाइपची सपाट चौकट, तण काढायच्या पॉवर विडरचं पेट्रोल इंजिन, ११ इंची बुटकी चाकं. खळ्यात ती सुरेख पळाली. सड्यावर नेली, तर तिसऱ्या दिवशी पुढच्या एक्सलचं वेल्डिंग सुटलं. पुन्हा मारलं, तर वेल्डिंग राहिलं आणि शेजारचा पाइप चिरला.

त्याच सुमारास, समुद्रावर पर्यटकांना फिरवणारी एक जुनी एटीव्ही (जाड टायरची, मोटरसायकलसारखी चारचाकी) भंगारात निघाल्याचं कळलं. इंजिन संपलेलं, पण पुढचे ए-आर्म (चाकाला चौकटीशी जोडणारे, बिजागरीवर वरखाली हलणारे हात), मागचा एक्सल धरून तसाच हलणारा चिमटा, शॉकअप, डिस्क ब्रेक आणि चारही चाकं शाबूत होती. पोरांना वाटलं, आता प्रश्न मिटला. "मामा, हे सगळं आपल्या चौकटीला वेल्ड करू या, झालं!" तसं होत नाही. का होत नाही, हे त्यांना समजावताना जे जे कागदावर मांडलं, ते इथे लिहितो आहे. गाडी बांधू पाहणारी मुलं कोकणात गावोगाव आहेत, आणि त्यांची पहिली चूक बहुधा हीच असते.

गो-कार्टला शॉकअप का नसतात?

पहिली गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या माणसाने बांधली. ती धावली सपाट डांबरावर, मोकळ्या पार्किंगच्या जागांत. तिथे खड्डेच नव्हते, म्हणून शॉकअपची गरजही नव्हती. पण चार चाकं घट्ट बसवलेली चौकट कुठल्याही जमिनीवर डुगडुगणारच, चार पायांचं स्टूल डुगडुगतं तशी. यावर उपाय म्हणून कार्टची चौकट मुद्दाम थोडी लवचीक ठेवतात. वळणावर ती पिळली जाते, आतलं मागचं चाक किंचित उचललं जातं आणि गाडी वळते. मागचा एक्सल अखंड असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे आतलं चाक उचललं गेलं नाही तर गाडी सरळच रेटत राहील. थोडक्यात, कार्टची चौकट हीच तिची स्प्रिंग असते.

डांबरावर ही लवचिकता काही मिलिमीटरची. जांभ्याच्या वाटेवर एकेक खड्डा ५-१० सेंटिमीटरचा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. त्या कडक झालेल्या कातळाच्या कडा चाकाला पायरीसारख्या लागतात. चौकटीला दर सेकंदाला न पेलणारी पीळ बसते आणि पाइप जिथे सर्वांत कमजोर, म्हणजे वेल्डिंगच्या कडेला, तिथे तो चिरतो. पोरांचं वेल्डिंग वाईट नव्हतं. त्या वेल्डिंगला स्प्रिंगचं काम करावं लागत होतं.

आता अशा लवचीक चौकटीला शॉकअप जोडले तर काय होईल? एका स्प्रिंगच्या डोक्यावर दुसरी स्प्रिंग बसेल. खालची शॉकअपची, तिला तेलाचा लगाम आहे. वरची चौकटीची, तिला कसलाच लगाम नाही. खड्डा आला की शॉकअप दबण्याआधी चौकटच पिळेल. म्हणून पहिलं काम चौकट ताठ करण्याचं.

आंब्याची लाकडी पेटी आठवा. झाकण ठोकण्याआधी तिचे दोन विरुद्ध कोपरे धरून पिळलं तर ती करकरत वाकडी होते. वरच्या पट्ट्या ठोकल्या की तीच पेटी दगडासारखी. सपाट चौकट म्हणजे नुसता पेटीचा तळ. तिला ताठ करायचं तर वर पिंजरा हवा आणि चौकोनांत तिरप्या पाइपांनी त्रिकोण पाडायला हवेत. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. शॉकअपचं वरचं टोक असं ठेवा की त्याचा जोर थेट एखाद्या त्रिकोणाच्या कोपऱ्यात जाईल. पाइपच्या मधोमध कान (बोल्टसाठी भोक असलेली पट्टी) वेल्ड करून शॉकअप लटकवला, तर तो पाइप लवकरच वाकतो.

पाइप कुठला घ्यायचा, याला एक चांगला आधार आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत १९७६ पासून बाहा एसएई ही खडबडीत वाटेवरच्या गाड्यांची स्पर्धा होते. तिच्या पिंजऱ्याच्या मुख्य पाइपांसाठी नियमात दिलेलं माप आहे २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी, आणि पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन. नळाचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त मिळतो, पण तो यासाठी नाही. शिवाय त्यावर वेल्डिंग मारलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

स्प्रिंगचं गणित, सिमेंटच्या गोणीने

पोरांनी मला विचारलं, शॉकअप कडक हवा की मऊ? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर किलो आणि मिलिमीटरमध्ये द्यावं लागतं.

गाडी जमिनीवर ठेवून चालक बसला की स्प्रिंग थोडी दबते. त्यामुळे चाकाच्या तुलनेत गाडी जितकी खाली बसते, तिला मी बैठक म्हणतो. या एका मापावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल ते कळतं: १५.८ ला बैठकीच्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. बैठक २५ मिमी असेल तर सेकंदाला ३ पेक्षा जास्त हेलकावे, म्हणजे हाडं खिळखिळी करणारी गाडी. १०० मिमी असेल तर साधारण दीड, म्हणजे आरामशीर, पण मग खाली तेवढी जागा हवी. आपण झपझप चालतो तेव्हा सेकंदाला जवळपास २ पावलं पडतात. हा ताल शरीराला सवयीचा आहे, आणि हलक्या गाडीला तो शोभतो. त्यासाठी बैठक लागते ६२ मिमी.

आमची गाडी चालकासकट साधारण २०० किलो. इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या एकेका चाकावर ४० किलो येतात. त्यातले ८ किलो चाक, हब आणि ब्रेकचे. ते स्प्रिंगच्या खालीच असतात, म्हणून स्प्रिंगच्या हिशोबात धरायचे नाहीत. उरले ३२ किलो.

पण शॉकअप चाकाला लागलेला नसतो, तो आर्मच्या मध्यावर कुठेतरी असतो. आमच्या आर्मवर बिजागरीपासून चाक ३० सेंटिमीटरवर आणि शॉकअपचं खालचं टोक २० सेंटिमीटरवर होतं. ही पहारीची गोष्ट आहे. टेकूच्या जवळ जोर जास्त लागतो आणि हालचाल कमी होते. चाकावरचे ३२ किलो स्प्रिंगवर दीडपट होऊन ४८ होतात. चाक ६२ मिमी हललं तर स्प्रिंग दबते फक्त ४१. जोर एकदा बदलतो, हालचाल एकदा बदलते, म्हणून चाकाला जाणवणारा कडकपणा दोनदा बदलतो, म्हणजे वर्गाने. सगळ्या प्रकरणात हीच एक गोष्ट नीट डोक्यात बसली पाहिजे. ४८ किलोला ४१ मिमी, तेव्हा आम्हाला हवी होती दर मिलिमीटरला सुमारे १.१७ किलो पेलणारी स्प्रिंग.

आपल्याकडची स्प्रिंग किती कडक आहे हे कसं कळणार? शॉकअपवरून ती काढायची (दबलेली स्प्रिंग अंगावर उडते, म्हणून हे काम स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर क्लॅम्प असलेल्या गॅरेजमध्येच), सरळ उभी करायची, वर फळी आणि फळीवर सिमेंटची ५० किलोची गोणी ठेवायची. गोणी कलंडू नये म्हणून दोघांनी बाजूने नुसता आधार द्यायचा. उंची आधी आणि नंतर मोजायची. आमची स्प्रिंग २८ मिमी दबली. हवी होती ४३. म्हणजे एटीव्हीची स्प्रिंग आमच्या हलक्या पुढच्या भागासाठी फारच कडक.

इथे दोन गैरसमज लगेच पुढे आले, आणि ते चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्या तोंडीही ऐकले आहेत.

पहिला: "दोन वेढे कापा, मऊ होईल." नेमकं उलटं होतं. तार तेवढ्याच वजनाला कमी लांबीत पिळावी लागते, म्हणून स्प्रिंग कडक होते. दहा चालते वेढे असताना दोन कापले तर ती २५ टक्के कडक होते. उंची कमी होते म्हणून गाडी खाली बसते, आणि खाली बसली म्हणजे मऊ झाली असं वाटतं. तारेच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा. ८ मिमीऐवजी ९ मिमीची तार घेतली की कडकपणा ६० टक्क्यांनी वाढतो.

दुसरा: "खालची खाच असलेली चकती फिरवून कमी स्टेपला ठेवा." बाइकच्या शॉकअपला असते तीच चकती. ती फिरवल्याने एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडीची उंची बदलते.

मग आम्ही काय केलं? नवी स्प्रिंग घेतली नाही. शॉकअपचं खालचं टोक आर्मवर २० सेंटिमीटरवरून १६ वर, आत सरकवलं. १६ म्हणजे २० चे ०.८ पट. त्याचा वर्ग ०.६४. चाकापाशी कडकपणा एका फटक्यात ३६ टक्के उतरला आणि बैठक मोजली तर ६३ मिमी. याची किंमत मात्र मोजावी लागते. आर्मला आता मधेच जास्त वाक बसतो, म्हणून नव्या कानाखाली जाड पट्टीचा त्रिकोणी आधार दिला. कान दोन लावले आणि बोल्ट त्यांच्या मधून नेला. एकाच बाजूने धरलेला बोल्ट खुंटीसारखा वाकतो. बोल्ट ८.८ ग्रेडचेच वापरा, डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो.

शॉकअप शक्य तितका उभा ठेवायचा, हेही लक्षात असू द्या. ४५ अंशांत तिरका लावला तर त्याचा कडकपणा निम्माच चाकापर्यंत पोचतो.

तेलाचं काम

स्प्रिंग फक्त धक्का साठवते. साठवलेलं परत द्यायचं तिला कळतं, जिरवायचं कळत नाही. जिरवतं ते तेल. दांडा आत-बाहेर होताना तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं, धक्क्याची ताकद उष्णतेत बदलते आणि शॉकअप गरम होतो. दबताना लगाम थोडा सैल आणि सुटताना घट्ट ठेवलेला असतो, कारण सुटणारी स्प्रिंग चालकाला सीटवरून उडवू शकते. तपासणी सोपी आहे: गाडीचं नाक जोरात दाबून सोडायचं. वर येऊन थांबलं तर ठीक. दोन-तीन वेळा डोललं तर तेल गेलं, दांड्यावर ओलसर धूळ चिकटलेली दिसेलच. शॉकअपच्या अंगावर वेल्डिंगची ठिणगीही पडू देऊ नका, आणि गॅसच्या शॉकअपला तर कधीच आच लावू नका. फुटतो.

आमच्या वाटेवर ट्रकनी आडव्या लाटा पाडल्या आहेत, साधारण दर ६० सेंटिमीटरला एक. ताशी ३० किलोमीटरला सेकंदाला १४ दणके. गाडीचं धड इतक्या भरभर हलत नाही, ते जागेवर राहतं. पण चाक स्वतः टायरच्या रबरावर नाचू लागतं, आणि चाकाचा स्वतःचा नाचण्याचा तालही साधारण सेकंदाला १० ते १५ असतो. दोन्ही ताल जुळले की चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. हवेतलं चाक ना वळवता येतं, ना थांबवता. शॉकअप असतात ते चाक जमिनीवर ठेवण्यासाठी, पाठीला बरं वाटतं ते त्याच्या जोडीने मिळतं. म्हणूनच चाक, हब, ब्रेक यांचं वजन जितकं कमी तितकं बरं. गमबूट घालून पायऱ्या भराभर उतरून बघा, मग अनवाणी. पाऊल जितकं हलकं तितकं ते जमिनीशी नीट जुळतं.

"मामा, चाक आपणहून वळतंय"

पुढचं सगळं बसवलं आणि पहिल्याच उंचवट्यावर भाचा ओरडला. स्टिअरिंग सरळ, तरी चाक उजवीकडे. कारण असं: आर्म आपल्या बिजागरीभोवती कमान काढत वर जातो. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा टाय रॉडही आपल्या आतल्या सांध्याभोवती दुसरी कमान काढतो. दोन कमानी एकसारख्या नसतील तर वर जाताना टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. आम्ही कार्टचा जुना लांब टाय रॉड ठेवला होता, तिथेच चुकलं.

टाय रॉडचा आतला सांधा वरच्या आणि खालच्या आर्मच्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा, बाहेरचा सांधा बाहेरच्या बॉल जॉइंटांच्या रेषेवर, आणि रॉड दोन्ही आर्मच्या उंचीशी मेळ खाणाऱ्या उतारात. हे जमलं का ते पाहायला स्प्रिंग काढून ठेवा, चाकाला सरळ पट्टी बांधा, पुढे पुठ्ठा उभा करा आणि जॅकने चाक तळापासून टोकापर्यंत उचलत पट्टीच्या टोकाची खूण करत जा. खुणा उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. आमच्या पहिल्या खुणा विळ्यासारख्या वाकड्या होत्या. एटीव्हीचाच स्टिअरिंग दांडा आणि आखूड रॉड वापरले, उंची वॉशर घालून जुळवली आणि चौथ्या प्रयत्नात रेषा सरळ आली. या कामाला दोन रविवार गेले. इथे घाई करू नये.

मागची बाजू

मागे आम्हाला चिमटा मिळाला होता, अखंड एक्सल आणि एक शॉकअप असलेला. अडचण चेनची. चाक वरखाली झालं की इंजिनच्या दात्यापासून त्याचं अंतर बदलतं, चेन कधी ताणते, कधी सैल पडून उतरते. स्कूटरमध्ये हा प्रश्नच ठेवलेला नाही, तिथे इंजिनच चाकाबरोबर हलतं. पण ते सगळं वजन मग चाकाच्या बाजूला जातं.

दुसरी अडचण चाकाच्या आकाराची. कार्टचं चाक ११ इंच, एटीव्हीचं मागचं १८. म्हणजे १.६४ पट. तेवढ्याच पटीने रेटा कमी होतो, इंजिन चढावर दमतं आणि इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच पुरता न पकडता घासत राहून जळतो. आमची आधीची चक्री १० दात्यांना ६० होती, म्हणजे ६ पट. आता हवी ९.८ पट. एका टप्प्यात ९८ दात्यांची चक्री लावली तर ती जमिनीच्या इतकी जवळ येईल की कातळाला आपटेल.

दोन्ही अडचणींना उत्तर एकच निघालं. चिमट्याच्या बिजागरीच्या अक्षावरच एक मधला शाफ्ट बसवला. इंजिनवरचे १० दाते त्यावरच्या १८ ला, आणि त्यावरचे ११ दाते मागच्या ६० ला. गुणाकार बरोबर ९.८. इंजिन आणि मधला शाफ्ट दोन्ही चौकटीला पक्के, म्हणून पहिली चेन हलत नाही. मागचा एक्सल ज्या बिंदूभोवती फिरतो तिथूनच दुसरी चेन निघते, म्हणून तिची लांबीही बदलत नाही. हे कागदावर पहिल्यांदा उमगलं तेव्हा पोरांना झालेला आनंद मी विसरणार नाही. वेग पूर्वीइतकाच राहिला: ३,६०० फेऱ्यांना ताशी ३१-३२ किलोमीटर.

ब्रेकलाही हाच १.६४ चा हिशोब लागू आहे. मोठं चाक थांबवायला तेवढीच जास्त पीळ लागते, म्हणून कार्टचा जुना ब्रेक काढून एटीव्हीची डिस्कच घेतली.

उंची वाढली की धोका वाढतो

गाडी उलटण्याचा अंदाज घ्यायला दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले वजनाच्या मध्याची उंची. आमच्या जुन्या कार्टचा आकडा होता ५० भागिले २५, म्हणजे २. अशी गाडी उलटण्याच्या खूप आधी घसरते. शॉकअप आणि मोठी चाकं लावल्यावर उंची ४५ झाली आणि आकडा १.१ वर आला. आता घसरणारं चाक कातळाच्या कडेला अडकलं तर गाडी कलंडणार. म्हणून पुढचे आर्म बाहेर घेतले, लेथवाल्याकडून ईएन-८ या मजबूत पोलादाचा लांब एक्सल करून घेतला आणि रुंदी १२० सेंटिमीटर केली. आकडा १.३ झाला. तरीही डोक्याच्या वरपर्यंत जाणारा पिंजरा आणि सीटबेल्ट दोन्ही हवेतच. पिंजऱ्याशिवाय बेल्ट बांधला तर गाडी अंगावर येते, आणि बेल्टशिवाय पिंजरा असला तर माणूस त्याच्यावर आदळतो. हेल्मेटबद्दल आमच्या घरात चर्चा होत नाही. ते नसेल तर किल्ली मिळत नाही.

ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. किनाऱ्यावरही नको. वेळास, आंजर्ले आणि आपल्या इतर किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वरून चाक गेलं की वाळू दाबली जाते आणि पिल्लांची वाट बंद होते. त्यातून खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. आम्हाला मिळालेल्या एटीव्हीचे बुश गंजून नळीत रुतले होते, ते काढायला लेथवर अख्खा दिवस लागला. घर समुद्रापासून दूर असलं तरी खारा वारा पोचतोच. वेल्डिंग झालं की त्याच दिवशी रेड ऑक्साइड, सांध्यांत ग्रीस, आणि मिरगाच्या आत गाडी छपराखाली. पावसात सड्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कुठलाच शॉकअप कामाचा नाही.

चालवण्याआधी प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. तासाभराने पाहा. रेघ तुटली असेल तर नट फिरला. आमचे पहिल्या तासात पाच फिरले होते.

आणि शॉकअप खरंच काम करतात का, ते पाहायला मीटर लागत नाही. वाटेवर बारीक तांबडी धूळ असते. जुन्या कार्टच्या चाकाची खूण त्या धुळीत हातशिलाईच्या टाक्यांसारखी उमटायची, खूण, मोकळी जागा, खूण, मोकळी जागा. नवी गाडी नेली त्या संध्याकाळी पुढच्या चाकांची रेघ अखंड होती. मागच्या डाव्या चाकाची मात्र मोरीजवळच्या लाटांवर तुटत होती. टायरमध्ये ७ पीएसआय हवा होती, ती ५ केली आणि भाच्याला पुन्हा सोडलं. तो परतेपर्यंत मी बॅटरी घेऊन मोरीपाशी धुळीत बसून होतो. रेघ जुळली होती, फक्त शेवटच्या दोन लाटांवर अजून वीतभर तुटत होती.